व्हिएतनामला आई आणि सासूबाईंना घेऊन जातेय : भाव कुठे करायचा, किती करायचा?

घोडबंदरची

नमस्कार मंडळी. होळी झाली की आम्ही तिघी व्हिएतनामला निघतोय : मी, माझी आई आणि सासूबाई. चार दिवस हनोई, तीन दिवस होई आन, शेवटचे दोन सायगावला. तिकिटं, हॉटेलं, ई-व्हिसा, सगळं झालंय. अडलंय ते खरेदीपाशी.

आई चाळीस वर्षं जांभळी नाक्यावर भाजी घेते, स्टेशन रोडवर पर्सा घेते, आणि सांगितलेला पहिला भाव तिने दिलेला मी आजवर पाहिलेला नाही. भाषा येत नाही याची तिला जराही धास्ती नाही. सासूबाई अगदी उलट. राम मारुती रोडवरचं ठरलेलं दुकान, चिठ्ठीवर असेल ती किंमत, पैसे दिले की बाहेर. भाव करणं म्हणजे समोरच्याच्या ताटातला घास काढणं, असं त्यांना मनापासून वाटतं. आणि मी मधे. मला भाव करायची वेळ आली की घशाला कोरड पडते.

तर विचारायचं असं की तिथे भाव नेमका कुठे चालतो आणि कुठे केला तर वाईट दिसतं? सुरुवात किती कमीने करायची? आणि त्या नोटांवरच्या शून्यांचं काय करायचं? घ्यायचं आहे फार नाही. रेशमी स्कार्फ, कॉफी, घरात ठेवायला एखादी सुबक वस्तू, आणि जमलं तर माझ्यासाठी एक ड्रेस शिवून.

खारघर टेकडी

शून्यांपासून सुरू करतो, कारण तिथे फसवलं जाण्यापेक्षा आपला आपणच गोंधळ जास्त होतो.

एका रुपयाला साधारण ३०० डोंग धरा. मी काय करायचो तर शेवटची तीन शून्यं बोटाने झाकायची आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणायचं. १,००,००० डोंग म्हणजे १०० गुणिले साडेतीन, ३५० रुपये. खरे थोडे कमीच होतात, पण जास्त धरलेलं बरं. विक्रेतेसुद्धा ही तीन शून्यं बोलण्यात गाळतात. पाटीवर "५० के" असतं, तोंडाने नुसतं "फिफ्टी" म्हणतात, अर्थ ५०,००० डोंग. आईंना हे घरी बसून पंधरा-वीस वेळा करून दाखवा. तिथे गेल्यावर शिकवायला वेळ मिळत नाही.

नोटांमध्ये एक मोठा धोका आहे. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची नोटही निळसर. सगळ्यांवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात ७० रुपयांच्या जागी पावणेदोन हजार रुपये हातातून जातात आणि कळतही नाही. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. त्या फक्त हॉटेलवर बाहेर काढा. बाजारात जाताना ५०,००० आणि १,००,००० च्या नोटा आणि थोडी मोड जवळ असू द्या. भाव ८०,००० वर ठरवून पाच लाखांची नोट पुढे केली तर "मोड नाही" ऐकावं लागतं आणि ठरलेला भाव पुन्हा हलायला लागतो.

रोख डॉलर न्यायचे असतील तर कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्या. चुरगळलेली किंवा शाईचा डाग असलेली नोट परत करतात. बदलायच्या त्या बँकेत किंवा अधिकृत काउंटरवर. दुकानात कोणी डॉलरमध्ये भाव सांगितला तर शांतपणे डोंगमध्ये विचारा. तिथल्या कायद्याने किंमत डोंगमध्येच सांगायची असते, आणि डॉलरमधला गोल आकडा नेहमी विकणाऱ्याच्या बाजूने गोल झालेला असतो.

कार्ड स्वाइप करताना मशीन विचारतं, रुपयांत की डोंगमध्ये? डोंगच निवडायचं. रुपये निवडले की दर ते लोक लावतात, आणि तो आपल्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. माझ्या आधीच्या एका सहलीत हॉटेलच्या बिलावर मला न विचारता रुपये निवडले गेले होते आणि घरी आल्यावर फरक दिसला. तेव्हापासून मशीन मी स्वतःच्या हातात घेतो. आपलं यूपीआय तिथे चालेलच असं धरून निघू नका.

गल्ला

घोडबंदरची, तुमच्या आईंचा आणि सासूबाईंचा, दोघींचाही मुद्दा मला पटतो. मी ठाणे स्टेशनजवळ बावीस वर्षं बॅगांचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. माल बघायला बँकॉकला प्रतुनामच्या घाऊक बाजारात बऱ्याच फेऱ्या झाल्या. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलोय.

विकणाऱ्याच्या डोक्यात काय असतं ते सांगतो. त्याच्याकडे एक तळाचा आकडा असतो. खरेदी, जागेचं भाडं, पोराचा पगार आणि वर थोडं. त्याच्याखाली तो जात नाही. वरचा आकडा मात्र गिऱ्हाईक बघून ठरतो. पायातली चप्पल, हातातली पिशवी, एकटा आहे की सोबत मुलं आहेत, पहिल्यांदा विचारतोय की चार दुकानं फिरून आलाय. म्हणून "निम्म्याने सुरू करा", "तीस टक्के कमी करा" असे हिशेब मला पटत नाहीत. तुम्हाला सांगितलेला भाव तळाच्या दुप्पट आहे की दीडपट, हे तुम्हाला ठाऊकच नसतं.

ते कळायचा एकच सरळ रस्ता. तीच वस्तू तीन ठिकाणी फक्त विचारायची. स्वतःचा आकडा सांगायचा नाही, हातात घेऊन कुरवाळायची नाही. "किती?", हसून मान डोलवायची, पुढे. तिसऱ्या दुकानापर्यंत अंदाज येतो. मग जिथला माल चांगला आणि माणूस बरा वाटला तिथे परत जायचं आणि बोलायचं.

उठून चालू लागणं ही युक्ती समजतात लोक. ती माहिती आहे. चार पावलांवर त्याने हाक मारली तर जागा होती. नाही मारली तर तुम्ही तळाच्या खाली गेला होतात. तेव्हा परत वळून थोडे वाढवून घ्यायला लाज वाटू देऊ नका. दुकानदाराला त्यात काही वाटत नाही, उलट बरं वाटतं.

आता जे मी घरातल्या पोरांनाही सांगतो ते. तुम्ही आकडा बोललात आणि समोरच्याने "घ्या" म्हटलं, की ती वस्तू तुमची. मग "बघते, नंतर येते" चालत नाही. इथेही नाही, तिथेही नाही. घ्यायचं नक्की नसेल तर आकडा तोंडातून काढायचाच नाही. परदेशात प्रवासी आणि दुकानदार यांची जी भांडणं मी पाहिली त्यातली बरीचशी भाव जास्त सांगितल्यावरून झालेली नव्हती. शब्द देऊन फिरल्यावरून झालेली होती.

भवानीचं लक्षात ठेवा. सकाळची पहिली विक्री आपण जशी डोळ्याला लावतो, तसं ते लोकही मानतात. बँकॉकमध्ये पहिल्या गिऱ्हाइकाची नोट घेऊन ती बाकीच्या मालावर हलकेच टेकवत जाताना मी कितीदा पाहिलंय. सकाळी लवकर गेलात तर भाव बरा मिळतो. पण लवकर जाऊन, सगळं उलटंपालटं करून, न घेता निघालात तर त्यांचा दिवस खराब केलात असं त्यांना वाटतं.

तलावपाळीकर

एवढा विचार नका करू हो. सरळ पाव किमतीने सुरू करायचं. मी बालीत तसंच केलं, सगळीकडे चाललं. पर्यटकाला चौपटच सांगतात.

गल्ला

चालतं तिथे चालतं. पण हनोईच्या गल्लीत एखाद्या बाईने ८०,००० सांगितले, तिचा तळ ६०,००० असला आणि तुम्ही २०,००० म्हणालात, तर ती तुमच्याशी बोलणंच बंद करते. मग ती वस्तू त्या दिवशी तुम्हाला कुठल्याच भावाला मिळत नाही.

पायवाट

हनोईच्या जुन्या वस्तीत मी दोनदा राहिले आहे, तेवढ्यापुरतं लिहिते.

तिथल्या रस्त्यांची नावं "हांग"ने सुरू होतात. हांग म्हणजे माल. हांग गाइवर रेशीम, हांग बाकवर चांदी, हांग माला कागदाच्या पूजेच्या वस्तू आणि सणाची सजावट, हांग थिएकला पत्र्याचं काम. आपल्याकडे तांबट आळी, बोहरी आळी असते तसंच. एक-एक रस्ता एकाच मालाचा, त्यामुळे गल्लासाहेब म्हणतात ते "तीन ठिकाणी विचारा" तिथे दहा मिनिटांत होतं. आणि वर भवानीचं लिहिलंय त्याला व्हिएतनामी भाषेत शब्दच आहे, "मो हांग". मो म्हणजे उघडणं. माल उघडणं, पहिली विक्री. काही विक्रेते तर पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करून रिकाम्या हाताने गेलं की कागद पेटवून अपशकुन घालवतात. हे कळल्यावर मी सकाळी साडेनऊच्या आत नुसती बघायला जाणं सोडून दिलं.

भाव कुठे करायचा : दोंग सुआनसारखे झाकलेले मोठे बाजार, शुक्रवार ते रविवार संध्याकाळी हांग दाओवर भरणारा रात्रबाजार, पदपथावरच्या विक्रेत्या, सायगावचं बेन थान. कुठे नाही : चिठ्ठ्या लावलेली दुकानं, मॉल, सुपरमार्केट, औषधांची दुकानं, खाण्याच्या गाड्या. फो किंवा बुन चा या नूडल्सच्या वाटीवर भाव करू नका. तिथे स्थानिक माणूस जेवढे देतो तेवढेच द्या. पाटी नसेल तर बसण्याआधी किती ते विचारा, बस.

पहिल्याच दिवशी एखाद्या सुपरमार्केटमध्ये चक्कर मारा, नुसती बघायला. कॉफीची पाकिटं, सुकवलेला आंबा, फणसाचे वेफर्स, चहा, सगळ्यावर किंमत छापलेली. फोनमध्ये चार फोटो काढून ठेवा. मग बाजारात त्याच पाकिटाचा भाव कोणी दुप्पट सांगितला तर तुम्हाला ऐकताक्षणी कळतं. बऱ्याचदा असंही होतं की घासाघीस करून मिळालेला भाव सुपरमार्केटएवढाच निघतो. अशा वेळी कॉफी सुपरमार्केटमधूनच घेतलेली बरी, तारीख तरी छापलेली असते.

कॉफीवरून आठवलं. "का फे चोन" म्हणजे उदमांजराच्या विष्ठेतून मिळालेल्या बियांची कॉफी. रस्त्यावर स्वस्तात मिळते ती खरी असणं कठीण, आणि खरी असेल तर ती प्राणी पिंजऱ्यात कोंडून केलेली असण्याची शक्यता मोठी. साधी रोबस्टा घ्या. जगात सर्वात जास्त रोबस्टा तिथेच पिकते, आणि चांगली मिळते. सोबत पत्र्याचं छोटं गाळणं घ्या, "फिन" म्हणतात. बॅगेत काही जागा लागत नाही.

खांद्यावर कावड घेतलेल्या फळवाल्या तुमच्या आईंच्या खांद्यावर कावड देऊन फोटो काढायला सांगतील, मग फळांचे पैसे मागतील. फोटो हवा असेल तर आधी फळं घ्या, भाव ठरवून. नको असेल तर हात जोडून पुढे जा. सायक्लोत, म्हणजे तिथल्या सायकलरिक्षात, बसण्याआधी एकूण किती, तिघींचे मिळून की माणशी, आणि किती वेळ, हे कागदावर लिहून घ्या. एरवी ग्रॅब हे टॅक्सीचं अ‍ॅप वापरा, भाडं आधीच दिसतं.

दोन-तीन शब्द पाठ करा : "बाव न्येव" म्हणजे किती, "दात क्वा" म्हणजे फार महाग, "काम अन" म्हणजे आभार. "दात क्वा" हसत म्हणायचं. आवाज चढवला की तिथे सौदा संपतो. रागावलेल्या माणसाशी व्यवहार करण्यात त्यांना दोघांचीही अप्रतिष्ठा वाटते.

सुईदोरा

ड्रेसचं मी सांगते. वर्तकनगरला शिवणकाम करते, आणि मागच्या वर्षी बहिणीबरोबर होई आनला गेले ते खास तिथले टेलर बघायला.

अख्खं गाव शिवतं म्हटलं तरी चालेल. जुनं बंदर आहे, १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत, आणि दोन रस्ते चाललं की वीस टेलर लागतात. "चोवीस तासांत ड्रेस" अशा पाट्या असतात. चोवीस तासांत शिवून होतो, यात खोटं नाही. पण तुम्ही तीन दिवस आहात तर पहिल्याच दिवशी माप द्या आणि दोन ट्रायल मागून घ्या. हॉटेलवाला किंवा गाडीवाला "माझ्या ओळखीचं दुकान" म्हणून नेतो तिथे त्याचं कमिशन तुमच्या बिलात असतं. स्वतः फिरून ठरवा.

भाव करायचा तो कापड, अस्तर, शिलाई आणि दुरुस्ती सगळं मिळून. हे आधी बोलून घ्या, नाहीतर ड्रेसचा भाव पाडाल आणि अस्तराचे वेगळे पैसे लागतील. दोन-तीन कपडे एकत्र शिवलेत तर भाव कमी होतो. एकाच ड्रेसवर फार ओढाताण केली तर ते भाव देतात आणि कापड हलकं लावतात. माझ्या बहिणीने नेमकं हेच केलं.

ट्रायलला गेल्यावर ड्रेस उलटा करा. आत माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जास्तीचं कापड, किती सोडली आहे ते बघा. बोटभर तरी हवी, म्हणजे इथे आल्यावर उसवून मोठा करता येतो. काठ इंटरलॉक केलेत का, काखेत ओढतंय का, चेन सरळ बसली का. हात वर करा, खाली बसा, वाका. आरशासमोर नुसतं उभं राहू नका. आणि आगाऊ अर्धेच पैसे द्या, बाकीचे शेवटच्या ट्रायलनंतर.

रेशमाचं म्हणाल तर रस्त्यावर "हंड्रेड पर्सेंट सिल्क" म्हणून मिळणारे स्कार्फ बहुतेक पॉलिस्टर असतात. दिसायला छान असतात, त्याच भावात घेतले तर वाईट नाहीत, पण रेशमाचे पैसे देऊ नका. खरं ओळखायचं तर झालरीतला एक धागा मागा आणि जाळून बघा. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पैठणी घेणाऱ्या घरात हे काही नवीन नाही. अंगठीतून काढून दाखवण्यावर जाऊ नका, पातळ पॉलिस्टरही जातं अंगठीतून. खरं रेशीम बघायचं असेल तर हनोईजवळ वान फुक नावाचं विणकरांचं गाव आहे. माग चालताना दिसतात, आणि एकदा हाताला खरं लागलं की मग फसायला होत नाही.

काजूबोंडे

काजू उचलू नका. व्हिएतनाम जगभर काजू पाठवतं हे खरं, आणि सालीसकट भाजलेले दिसतातही सुरेख. पण वेंगुर्ल्याचा काजू घरात असताना ते ओझं कशाला? मिरीचंही तेच. त्याऐवजी कमळाचं बी घ्या.

आणि साप, विंचू घातलेल्या दारूच्या बाटल्या बघायच्या आणि तिथेच ठेवायच्या. त्यातले बरेच साप संरक्षित जातींचे असतात, विमानतळावर अडकाल.

सेक्टर सतरा

धागा छान चाललाय. वाशीच्या एपीएमसीत हापूसचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून होताना लहानपणी वडिलांबरोबर पाहिलाय, त्यामुळे भाव करण्यात कमीपणा आहे असं मला कधी वाटलंच नाही. दोन माणसं, एक रुमाल, आणि ठरलेला भाव कोणी मागे घेत नाही.

जरा विषयाला सोडून विचारतो. आम्ही मे महिन्यात दुबईला जातोय. डेराच्या गोल्ड सूकमध्ये सोन्याचा भाव करता येतो का? आणि बायकांना चाळीस ग्रॅम आणता येतं असं सोसायटीत सगळे सांगतात, ते बरोबर ना?

खारघर टेकडी

सेक्टर सतरा, हे नीट वाचा, कारण यात लोकांचं खरोखर नुकसान होतं.

सोन्याच्या दरावर भाव होत नाही. तो रोज जाहीर होतो आणि दुकानात लावलेला असतो. भाव होतो तो घडणावळीवर, आणि तिथे भरपूर जागा असते. बिलात वजन, कॅरट, दर आणि घडणावळ वेगवेगळी लिहून मागा. वर ५ टक्के व्हॅट आहे. पर्यटकांना तो परत मिळण्याची सोय आहे, दुकानात पासपोर्ट दाखवून त्या योजनेचं बिल करून घ्यावं लागतं.

चाळीस ग्रॅमचं मात्र अर्धवट खरं आहे. बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने शुल्काशिवाय, ही सवलत एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परत येणाऱ्यांना आहे. आठवड्याच्या सहलीला गेलेल्याला ती नाही. मुंबई विमानतळावर हे न कळल्यामुळे रडवेली झालेली कुटुंबं मी पाहिली आहेत. घरचे दागिने घालून जाणार असाल तर जाताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे येताना ते तुमचेच आहेत हे दाखवता येतं. शिवाय जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आपल्याकडचं सोन्याचं आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं, तेव्हाच दुबईच्या सोन्याचा बराचसा फायदा गेला. नक्षी आवडली म्हणून घ्या, स्वस्त म्हणून नको.

इतर खरेदीवर शुल्कमुक्त मर्यादा असते. २०१६ च्या नियमांत ती ५०,००० रुपये होती. हे आकडे बदलतात, निघायच्या आठवड्यात सीमाशुल्क विभागाच्या साइटवर बघून घ्या आणि मोठ्या खरेदीची बिलं फाडू नका. घोडबंदरची, व्हिएतनाममध्येही व्हॅट परताव्याची सोय आहे : नोंदणी असलेल्या दुकानात एका दिवसात किमान २० लाख डोंगची खरेदी हवी. स्कार्फ आणि वाट्यांत तेवढं होणार नाही, ड्रेसचं होऊ शकेल. दुकानात आधी विचारा.

चहाचा पेला

सासूबाईंच्या म्हणण्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी नेरुळची, मुलगा इस्तंबूलला शिकायला होता तेव्हा दीड महिना तिथे राहिले. तिथला झाकलेला बाजार पंधराव्या शतकातला, चार हजारांवर दुकानं, रविवारी बंद. रोज संध्याकाळी तिथे पाय आपोआप वळायचे.

मलाही सुरुवातीला सासूबाईंसारखंच वाटायचं. मग एका चिनी मातीच्या वाट्या विकणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी मला बसवून चहा दिला. मी म्हटलं, मी काही घेणार नाही. ते म्हणाले, चहा चहाचा असतो. अर्धा तास त्यांनी मला हाताने रंगवलेली आणि छापलेली वाटी यातला फरक दाखवला. छापलेल्या वाटीवर रेषा सगळीकडे सारख्या जाडीची असते, हाताच्या कामात कुंचला उचलला तिथे रेष बारीक होते. तिसऱ्या दिवशी मी एक वाटी घेतली, त्यांनी भाव सांगितला, मी तसाच दिला, तर ते चक्क नाराज झाले. त्यांच्या लेखी मी बोलणंच टाळलं होतं. पहिल्या विक्रीला तिथे "सिफ्ताह" म्हणतात. त्या सकाळी माझीच होती.

सासूबाईंना सांगा, ज्या बाजारात भाव करायची रीत आहे तिथे पहिला आकडा म्हणजे "या, बसा" एवढाच असतो. घास काढणं होतं ते तळाच्या खाली ढकलत राहिलं तर. आणि दहा-वीस रुपयांवर येऊन अडलं, समोर म्हातारी बाई पदपथावर बसलेली असली, तर तिथे देऊन टाकायचे. त्याला भाव न येणं म्हणत नाहीत.

सुईदोरा

चहाचा पेला, ती रेषेची खूण फार कामाची आहे. हनोईजवळच्या बात चांग या कुंभारांच्या गावच्या मातीच्या भांड्यांनाही लागू पडेल.

घोडबंदरची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोघींना बसवून धागा मोठ्याने वाचून दाखवला. आईने शून्यं झाकायचा सराव सुरू केलाय, भाजीच्या हिशेबाची वही घेऊन. सासूबाई चहाच्या पेल्यांच्या पोस्टवर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्या वाटीचा भाव किती होता ते नाही लिहिलं त्यांनी.

चहाचा पेला

आता नीटसा आठवत नाही हो. वाटी आहे, रोज दह्याला काढते.

घोडबंदरची

आलो परत. तीन आठवडे झाले, आज बसून लिहितेय.

आधी सरळ गोष्टी. सुपरमार्केटचे फोटो सर्वात जास्त उपयोगी पडले. कॉफी तिथूनच घेतली, दोन फिन हांग थिएकला घेतल्या. होई आनला ड्रेस शिवला, दोन ट्रायल, माया भरपूर सोडायला सांगितली. शिवणाऱ्या ताई हसल्या आणि त्यांनी स्वतःहून अंगठ्याएवढी सोडली. वान फुकला आईने धागा जाळून बघितला. विणकर बाईंनीच काडी पेटवून दिली, त्यांना जाळणाऱ्यांचं काही वाटत नाही, न विचारता हात लावणाऱ्यांचं वाटतं. स्कार्फ तीन घेतले. पाच लाखांच्या नोटा पूर्ण नऊ दिवस सासूबाईंच्या कमरेच्या पाकिटात होत्या, एकही चुकून गेली नाही.

आता जे मनाला लागलं ते. हनोईत तिसऱ्या संध्याकाळी रात्रबाजारात आईला लाखेच्या कामाची एक वाटी आवडली, बाहेरून काळी, आत अंड्याच्या कवचाचे पांढरे तुकडे बसवलेले. बाईंनी ३,००,००० सांगितले. आईने कॅल्क्युलेटर हातात घेतला आणि १,५०,००० लिहिले. थोडं वरखाली करून बाईंनी मान डोलावली, वाटी कागदात गुंडाळायला घेतली. आणि तेव्हा आईने मला विचारलं, दीडशे रुपये ना? इतका सराव करून, गर्दीत आणि दिव्यांत तिने शून्यं झाकली आणि गुणायचं विसरली. मी म्हटलं, पाचशेच्या वर होतात. ती दचकली, नको नको म्हणून हात हलवला, आणि आम्ही निघालो. बाई मागून काहीतरी बोलल्या. शब्द कळले नाहीत, स्वर कळला. अर्धी गुंडाळलेली वाटी त्यांच्या हातात तशीच होती.

रात्री आई जेवली नाही. म्हणाली, चाळीस वर्षांत जांभळी नाक्यावर मी कुणाचं मापलेलं परत टोपलीत टाकायला लावलं नाही. गल्लासाहेब, "घ्या" म्हटलं की वस्तू तुमची, हे तुमचं वाक्य मी तिला वाचून दाखवलं होतं, पण ते तिला माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार, संध्याकाळी तोच बाजार भरणार होता. आम्ही साडेपाचपासून हांग दाओच्या टोकाला उभ्या. बाई पावणेसातला आल्या, सतरंजी पसरून माल मांडायला लागल्या. आई मांडून होईपर्यंत थांबली, मग पुढे गेली, दीड लाख मोजून त्यांच्या हातात ठेवले आणि वाटीकडे बोट दाखवलं. बाईंनी आधी ओळखलं नाही. मग ओळखलं. "मो हांग" म्हणाल्या, ते मला कळलं. आईला सांगितलं, तुझी भवानी झाली. बाईंनी वाटीबरोबर बांबूचा एक छोटा चमचा गुंडाळून दिला. आईने त्याचे पैसे द्यायला पाकीट उघडलं तर त्यांनी ते हाताने बंद केलं.

पुढच्या स्टॉलवर सासूबाईंनी कागदी पंख्याचा भाव विचारला, मिळाला तो दिला. त्यांना तसंच आवडतं आणि आम्ही काही बोललो नाही.

गल्ला

आईंना माझा नमस्कार सांगा.

काजूबोंडे

कमळाचं बी घेतलंत का?

घोडबंदरची

अर्धा किलो. संपलंसुद्धा. एक विचारायचं राहिलं. लाखेच्या वाटीत सासूबाई देवाची फुलं ठेवायला लागल्यात, ओली असतात. चालेल का?

पायवाट

फुलांची ओल चालेल, पाणी साठू देऊ नका. रोज मऊ कोरड्या फडक्याने पुसा, घासणी आणि साबण नको. आणि देवघरावर थेट ऊन येत असेल तर जागा बदला, लाख उन्हाने तडकते.

घोडबंदरची

सकाळी येतं ऊन. उद्या डावीकडे सरकवते.